शटर पडल्यावर

तसबीरवाल्याच्या दुकानात वडिलांपासून एक रीत चालत आली होती. संध्याकाळी दिवा मालवण्याआधी आतल्या टेबलावरची प्रत्येक तसबीर पालथी घालायची. गेलेल्या माणसाचं तोंड उघडं ठेवून अंधार करायचा नाही. पालथी घालताना म्हणायचं, "उद्या भेटू," आणि मगच शटर ओढायचं. वडील असं का करत ते त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि यानेही विचारलं नाही. काही गोष्टी विचारल्या की उत्तरं ऐकावी लागतात.

दुकानात टेबलं दोन होती. दाराजवळच्या टेबलावर जिवंत माणसांचं काम व्हायचं: लग्नाचे फोटो, पोरांची बक्षिसं, कुणी भरतकाम केलेलं कापड. आतलं टेबल गेलेल्यांचं. लोक हाताला लागेल तो फोटो घेऊन येत. कुणी ओळखपत्रावरचा, कुणी सहलीतल्या घोळक्यातला. तसबीरवाला त्यातून नेमका तो चेहरा वेगळा काढायचा, खांद्यावरचा दुसऱ्याचा हात पुसायचा, गळ्याचं उघडं बटण लावायचा. हयातीत कधी नीटनेटका न राहिलेला माणूसही त्याच्या टेबलावरून उठताना सभ्य होऊन उठे.

घर दुकानाच्या वरच होतं. आतूनच जिना, जिन्याखाली हात धुवायचं बेसिन. कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय तो पहिली पायरी चढत नसे, आणि दुकानातलं काहीही वर नेत नसे. हा दुसरा नियम मात्र वडिलांचा नव्हता. तो बायकोचा होता.

लग्नानंतर लवकरच एकदा तो एका लहान मुलीचा फोटो वर घेऊन आला होता. मुलगी गेली होती, घरच्यांना घाई होती आणि वरच्या खिडकीत उजेड चांगला यायचा. बायकोला तेव्हा दिवस गेले होते. त्या फोटोतल्या मुलीने दुपारभर खिडकीतून तिच्याकडे बघितलं. पुढे त्यांचं ते बाळ जन्मलं, पण राहिलं नाही. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही हे दोघांनाही कळत होतं. पण नुसतं कळून काय होतं? बायको एवढंच म्हणाली, "तुमची माणसं खालीच राहू देत." त्या बाळाचा फोटो कुणी काढलेला नव्हता. गावभराच्या मेलेल्यांना चौकटीत बसवणाऱ्या माणसाच्या घरात तेवढी एक चौकट नव्हती.

नंतर मुलगी झाली, चांगली धडधाकट, बडबडी. सगळे तिला चिमणी म्हणत. मोठी होऊन नोकरीनिमित्त दुसऱ्या गावी गेली, तिथेच संसाराला लागली आणि जाताना बापाच्या गळ्यात मोबाइल बांधून गेली.

तसबीरवाला सहजासहजी ऐकणाऱ्यांतला नव्हता. पण लोकांनी पाकिटातून फोटो आणणंच सोडलं. दारात उभे राहून म्हणायचे, "काका, नंबर द्या, पाठवतो." नंबर नाही म्हटलं की पुढच्या चौकातल्या दुकानात जायचे. शेवटी त्याने तो फोन वापरायला घेतला, पण आपल्या अटींवर. शटरवर रंगवून घेतलं: 'शटर पडल्यावर फोन लागणार नाही.' संध्याकाळी तसबिरी पालथ्या घातल्या की फोनही पालथा घालायचा, टेबलाच्या खणात ढकलायचा, खण बंद. सुरुवातीला लोक चिडले. "काका, फोन काय शोभेला ठेवलाय?" असंही म्हणाले. मग सवयीचे झाले. लोकांना आपण वळण लावू तसं लागतं, फक्त आधी शिव्या खायची तयारी पाहिजे.

एकच फट राहिली होती. चिमणीचे फोनही त्याच मोबाइलवर यायचे, कारण बायकोला वेगळा फोन नको होता. दुपारी फोन आला की तो हाक मारी, मग बायको जिना उतरे आणि शेवटच्या पायरीवर उभी राहून बोले. दुकानाच्या फरशीला ती पाय लावत नसे. आता चिमणीला दिवस गेले होते आणि ती स्वतःचे फोटो पाठवू लागली होती. तसबीरवाल्याने एकदा फोनमधले फोटो चाळले. एक गेलेली आजी, एक गेलेला ट्रकवाला, मग पोटावर हात ठेवून हसणारी चिमणी, मग एक गेलेला शिक्षक. सगळे एका ओळीत. त्याने फोन घाईने बंद केला आणि बायकोपाशी याबद्दल चकार शब्द काढला नाही.

शेजारच्या गाळ्यात घड्याळजी बसायचा. दोन्ही गाळे मुळात एकच होते. दोघांच्या वडिलांनी मध्ये लाकडी फळ्या ठोकून त्याचे दोन केले होते. त्यामुळे एकीकडची शिंक दुसरीकडे ऐकू जाई. फळीवर दोनदा टकटक झाली की चहा. मोबाइल आले तरी दोघांनी ती टकटक सोडली नाही. वर बायकोलाही ती ऐकू यायची आणि ती हसून म्हणायची, "आलं बोलावणं." मात्र शटर पडल्यावर घड्याळजीने फळीला कधी हात लावला नाही. "शटर पडलं की हा माणूस परगावी जातो," असं तो सगळ्यांना सांगायचा.

एका पहाटे घड्याळजी झोपेतच गेला. आजार नाही, कुरकुर नाही. आदल्या दिवशी चहा पिताना बिस्किट बुडालं म्हणून हळहळत होता, तेवढंच.

दिवसकार्य उरकल्यावर एका सकाळी तसबीरवाल्याचा मोबाइल उजळला. पडद्यावर नाव आलं: घड्याळजी. बाजूला त्याचा चेहरा. तसबीरवाल्याने चष्मा पुसला. मग त्याने वाचलं. "भाऊजी, हा फोटो घ्या. फोनवर बोलायला गेले की रडू येतं, म्हणून लिहिते." वहिनींनी नवऱ्याच्या फोनवरून पाठवलं होतं. त्यात भुताटकी कसली? हल्ली मेलेल्या माणसांचे फोन मागे राहतात आणि मागे राहिलेले लोक ते वापरतात. सोपी गोष्ट. त्याने ते नाव बदलून 'वहिनी' करायला हवं होतं. केलं नाही.

फोटो दुकानातलाच होता. गळ्यात मफलर, डोळ्याला लावायचं भिंग कपाळावर सरकवलेलं, ओठांवर अर्धं हसू. तसबीरवाल्याने तो मन लावून केला आणि नमुन्याचा फोटो काढून पाठवला. दिवसभर उत्तर नाही. उत्तर आलं ते शटर पडता पडता. "छान आहे. भिंग काढता येईल का? कामावर असल्यासारखे वाटतात." दुसऱ्या दिवशी त्याने भिंग काढलं. संध्याकाळी उत्तर: "भिंग परत ठेवा. त्याशिवाय ओळखू येत नाहीत." मग मफलरची गाठ. मग हसू जरा कमी. मग हसू होतं तेवढंच. कोणतंही उत्तर दिवसाउजेडी येत नसे.

खणात पालथा पडलेला मोबाइल उजळला की खणाच्या फटीतून उजेडाची रेघ दिसायची. पहिले काही दिवस तसबीरवाला ती रेघ बघून जिना चढला. मग एका संध्याकाळी त्याने खण उघडला. हे गिऱ्हाइकाचं काम नाही, दोस्ताचं आहे, असं स्वतःला समजावलं आणि हात धुऊन, त्याच ओल्या हातात मोबाइल घेऊन वर गेला.

बायको ताटं घेत होती. "हे काय?"

"घड्याळजीचं काम आहे गं. वहिनींना नाही कसं म्हणू? चार दिवसांचा प्रश्न."

"भीड भिकेची बहीण," बायको म्हणाली. "आणि म्हातारी मेल्याचं दुःख नाही हो, काळ सोकावतो."

म्हण तिने सवयीने टाकली, पण ती त्या दिवशी दोघांनाही जरा जास्तच लागली. मोबाइल ताटाशेजारी पालथा पडून राहिला. जेवताना तो उजळला की त्याच्या कडेने उजेड झिरपायचा आणि बायकोचा घास हातातच थांबायचा. कोण आहे, हे ती विचारत नसे. तिला ठाऊक होतं. रोज त्याच सुमाराला घड्याळजी जेवायला येत होता.

आणखी एक गोष्ट होती. शेजारचा गाळा बंद होता, पण फळीपलीकडून टिकटिक येत होती. तसबीरवाल्याने मनाशी म्हटलं, बॅटरीची घड्याळं असतील. पण तिथल्या भिंतीवरचं जुनं लंबकाचं घड्याळ तासाचे ठोके देत होतं, तेही बिनचूक. त्याला आठवड्याला चावी द्यावी लागते हे त्याला पक्कं माहीत होतं, कारण घड्याळजी दर वेळी चावी देताना त्याच्या नावाने बोटं मोडायचा. मालकाला जाऊन किती दिवस झाले, आणि घड्याळ चालतंय. तसबीरवाला ठोके ऐकायचा आणि हातातला ब्रश खाली ठेवायचा. बायकोला त्याने तेही सांगितलं नाही. न सांगितलेल्या गोष्टींचा ढीग वाढत चालला होता.

एक गोष्ट तर तो स्वतःलाही सांगत नव्हता. नमुना पाठवताना तो एखादी चूक मुद्दाम ठेवू लागला होता. कधी मफलरची कड वाकडी, कधी कानामागे एक डाग. चूक राहिली की उत्तर येणार. उत्तर आलं की पडद्यावर ते नाव येणार आणि क्षणभर, फक्त क्षणभर, घड्याळजी असणार.

मग ती संध्याकाळ आली. चिमणीने दुपारीच नवा फोटो पाठवला होता. पुढच्या महिन्यात ती आईकडे राहायला येणार होती, त्या आनंदात. जेवायला बसता बसता तसबीरवाल्याला आठवलं की आजचा नमुना पाठवायचा राहिलाय. चष्मा खालीच होता. त्याने घाईघाईत बोट लावलं, पाठवलं, आणि मोबाइल पालथा घालायला विसरला.

उजेड पडला. बायकोने मान वळवून वाचलं. वर घड्याळजीचं नाव, त्याचा चेहरा, त्याच्याखाली चिमणीचा हसरा फोटो आणि त्याखाली शब्द: "किती गोड दिसतेय पोर. डोळे आईचे. आता लवकरच भेट होईल."

बायकोने हातातला घास ताटात ठेवला. ताटावरून उठली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. तसबीरवाला उठून तिच्याजवळ गेला तर तिने त्याचे हात दूर सारले.

"वहिनींनी लिहिलंय गं," तो म्हणाला. "चुकून गेला माझ्याकडून. दोन्ही फोटो एका रांगेत होते, डोळ्याला दिसलं नाही."

"मला कळतंय कुणी लिहिलंय ते. मी काय खुळी आहे?" तिचा आवाज फुटला. "पण माझ्या पोरीचा फोटो त्या रांगेत का आहे? तुम्हाला माहीत होतं. किती दिवस माहीत होतं?"

त्याने मोबाइल पालथा घातला.

"एकदा मी काही बोलले नाही," ती म्हणाली. "उजेड हवा म्हणालात, मी खिडकी उघडून दिली. आता नाही. ती या घरात पाऊल टाकेल तेव्हा एकतर हे इथे असेल, नाहीतर मी."

त्याला स्वतःची लाज वाटली. भीतीही वाटली, आणि ती बायकोच्या भीतीइतकीच जुनी होती, हे त्याला इतक्या वर्षांनी त्या जेवणाच्या खोलीत उभं राहून कळलं. त्याने मोबाइल उचलला आणि जिना उतरला.

खाली दिवा लावून, टेबलाशी बसून त्याने एकेक अक्षर शोधत लिहिलं: "वहिनी, आता थांबू या." आणि पाठवलं.

फळीपलीकडे टिंग असा बारीक आवाज झाला.

त्याने श्वास रोखला. टिकटिक चालू होती. त्याने पुन्हा लिहिलं, फक्त "वहिनी?" आणि पाठवलं. पुन्हा टिंग. अगदी त्याच्या कानाच्या उंचीवर, जिथे घड्याळजी बसायचा तिथे.

पळून वर जावं असं त्याला फार वाटलं. पण वर हा प्रश्न घेऊन जायची आता सोय नव्हती. तो स्वतःचं शटर अर्धं उचलून वाकून बाहेर आला. रस्त्यावर माणसं होती, समोरच्या दुकानात दिवे होते, कुणी तरी सायकल ढकलत चाललं होतं. घड्याळजीचं शटर पडलेलं होतं, पण त्याला कुलूप नव्हतं. त्याने ते गुडघ्यापर्यंत उचललं आणि हाक मारली, "कोण आहे?"

"या भाऊजी," आतून आवाज आला.

घड्याळजीच्या खुर्चीत वहिनी बसल्या होत्या. कामाचा छोटा दिवा पेटलेला, मांडीवर नवऱ्याचा मोबाइल, गळ्यात त्याचा मफलर. कपाळावर त्याचं भिंग सरकवलेलं होतं. भोवतीची सगळी घड्याळं चालू होती.

"घरी सांगते, फिरायला जाते," त्या म्हणाल्या. "शटर हळूच उचलून आत येते, चाव्या देते. मग तुमचं शटर पडायची वाट बघते. तुमच्यासमोर तोंड दाखवायचा धीर नव्हता."

"पण रोज नवं काही तरी काढत होतात, ते..."

"मुलगा म्हणाला, तसबीर भिंतीवर लागली की गाळा रिकामा करू. तोवर राहू दे." त्यांनी मफलरचं टोक सारखं केलं. "मग मला वाटलं, तसबीर नाहीच झाली तर बरं. तुम्ही पण इतके चांगले. रोज एक तरी चूक ठेवायचात."

तसबीरवाला लोखंडी स्टुलावर बसला. चहाला तो नेहमी त्याच स्टुलावर बसत असे. "पहिल्याच दिवशी पुरी झाली होती," तो म्हणाला. "चुका मी मुद्दाम ठेवल्या. त्याचं नाव दिसायचं ना, म्हणून."

वहिनी रडल्या, तोही रडला.

"चिमणीचा फोटो तुम्ही मुद्दाम दाखवलात असं वाटलं मला," वहिनी म्हणाल्या. "काही वावगं लिहिलं का मी?"

"तुम्ही चांगलंच लिहिलंत. पण नाव त्याचं आलं." तो उठला. "राग मानू नका वहिनी. आमच्या घरात आधी एकदा असं झालंय. उद्या सकाळी दुकानात या, उजेडात. टेबलाशी बसून बघा आणि सांगा. मग मी काच लावतो. आणि शटर पडल्यावर मी नाही. कुणालाच नाही."

वहिनी डोळे पुसत हसल्या. "परगावी जाता, असं म्हणायचे ते. खरंच की."

दुसऱ्या दिवशी त्या आल्या, नमुन्याकडे खूप वेळ बघत बसल्या आणि म्हणाल्या, "लावा काच." तसबीरवाल्याने चौकट बसवली, मागे खिळे ठोकले आणि तसबीर कापडात गुंडाळून दिली. पुढच्या आठवड्यात मुलगा आला आणि गाळा रिकामा झाला. घड्याळं खोक्यांतून गेली. जाताना एक गजराचं घड्याळ खोक्यातच वाजत राहिलं आणि ते कसं थांबवायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. घड्याळजीचा नंबर बंद झाला. तसबीरवाल्याने बायकोसाठी दुसरा मोबाइल आणला. तो वरच राहिला, खिडकीत, चिमणीचे सगळे फोटो घेऊन. खालचा मोबाइल खाली. बायकोने स्वतः बसून त्यातून चिमणीचा एकेक फोटो पुसून घेतला, आणि त्यासाठी ती पहिल्यांदाच दुकानाच्या फरशीवर उतरली.

फळीपलीकडे आता काही नव्हतं. टिकटिक नव्हती. तसबीरवाल्याला तिचा त्रास वाटायचा. आता तिच्यावाचून करमेना.

चिमणी आली. घर तिच्या बोलण्याने भरलं. त्या संध्याकाळी तसबीरवाल्याने एकेक तसबीर पालथी घातली. "उद्या भेटू," म्हणाला. मोबाइल पालथा घालून खणात ढकलला, खण लावला, शटर ओढलं. बेसिनपाशी उभं राहून कोपरापर्यंत हात धुतले. वरून मायलेकींचं हसणं ऐकू येत होतं.

फळीवर टकटक झाली. दोनदा.

त्याने नळ बंद केला. पलीकडे रिकामा गाळा होता, बाहेरून मुलाचं कुलूप होतं, किल्ली मुलाकडे. लाकूड आहे, उन्हाने तापून संध्याकाळी तडकतं, हे त्याला ठाऊक होतं. पण लाकूड चहाला बोलावत नाही. त्याचा ओला हात फळीकडे गेला. उत्तरादाखल एकदा टकटक करायची, तेवढंच. आयुष्यभर केली होती. हात फळीपासून बोटभर अंतरावर थांबला. त्याला इतकं जावंसं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं.

"बाबा, जेवायला चला ना," वरून चिमणीने हाक मारली.

"शटर पडलं रे," तसबीरवाला हळूच फळीला म्हणाला. "उद्या ये."

तो दिवा मालवून वर गेला. चिमणी ताटं मांडत होती. बायको दाराशीच उभी होती, हातात पाण्याचा पेला.

"दोनदाच ना?" तिने हळू आवाजात विचारलं.

त्याने तिच्याकडे बघितलं. "तुलाही ऐकू आलं?"

"वर नेहमीच यायचं की." तिने पेला त्याच्या हातात दिला. "काय म्हणालात?"

"उद्या ये म्हटलं."

"बरं केलंत," बायको म्हणाली आणि जिन्याचं दार आतून लावून घेतलं.